शिडीवाल्या दादाचा फोन

कार्बनबाईंना रडायचा पगार मिळायचा. चिडायचाही मिळायचा, हुंदका गिळायचाही, आणि नुसतं गप्प बसायचासुद्धा. गप्प बसणं सगळ्यांत कठीण, असं त्या म्हणायच्या. फोनवर गप्प बसलेला माणूस आणि फोन तसाच टाकून स्वयंपाकघरात निघून गेलेला माणूस, यांतला फरक पलीकडच्याला कळला पाहिजे. म्हणून श्वास थोडा ऐकू येऊ द्यायचा. पण नाटकातल्या नटासारखा छाती भरून घेतलेला नको. सर्दी झालेल्या कारकुनाचा, एका नाकपुडीतून येणारा.

मनाच्या दुखण्यांवर फोनवरून सल्ला देणारं ते केंद्र. नवे समुपदेशक तिथे शिकायला यायचे. खरं दुखावलेलं माणूस त्यांच्या हाती देण्याआधी त्यांना खोटी माणसं दिली जायची, आणि ती सगळी खोटी माणसं म्हणजे एकट्या कार्बनबाई. त्यांनी मागच्या जिन्याने यायचं आणि कोपऱ्यातल्या, भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखे पुठ्ठे ठोकलेल्या खोलीत बसायचं. लाल दिवा लागला की सोंग चालू, विझला की चहा. शिकाऊ पोरापोरींना त्यांचा चेहरा दिसता कामा नये, म्हणून चहाही तिथेच, एकटीने.

पण कान कोण बंद करणार? शिकाऊंची एकूणएक 'हं' त्यांना पाठ होती. शिकाऊंना पहिलं शस्त्र मिळतं ते 'हं'. एकाचं 'हं' विहिरीत दगड पडल्यासारखं. एका पोराचं 'हंहंहं', दुचाकी चालू होत नाही तसं. एका घोगऱ्या आवाजाच्या मुलीचं 'हंऽऽऽ' इतकं लांबायचं की वाटावं, आता बाई गाणंच धरतात. त्यानंतरचं शस्त्र म्हणजे "मला असं ऐकू येतंय की…". कार्बनबाई घरी जाऊन ते नवऱ्यावर चालवायच्या. नवरा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात स्प्रिंग धरून खिडकीशी बसलेला.

"भाजीत मीठ कमी आहे गं," तो म्हणायचा.

"मला असं ऐकू येतंय की तुम्हाला मीठ हवंय."

"हो."

"आणि ते मीठ नसल्यावर तुम्हाला आत कसं वाटलं?"

"अळणी," असं म्हणून तो उठून मीठ घेऊन यायचा.

कार्बन हे नाव वडिलांनी ठेवलेलं. घरी पाहुणा येऊन गेला की दार लागायच्या आत ही पोर त्याच्या चालीत, त्याच्या बोलीत खोलीभर फिरून दाखवायची. वडील म्हणायचे, वरचा कागद गेला, कार्बन राहिला. पुढे एका मोठ्या कचेरीत त्या टेलिफोन ऑपरेटर झाल्या, "थांबा, जोडून देते" म्हणण्यात अर्धं आयुष्य गेलं. मग जोडण्याचं काम यंत्र करू लागलं आणि बाई या केंद्रात आल्या.

आल्या तेव्हा राज्य शिडीवाल्यांचं होतं. शिडी आणि छत्री ही दोन निवडणूक चिन्हं, आणि सारा देश या दोघांत वाटलेला. शिडीवाल्यांचं म्हणणं, ज्याने त्याने आपल्या पायाने चढावं, वडीलधाऱ्यांनी खालून शिडी धरावी, आणि खालच्याने वरच्याशी हुज्जत घालू नये. छत्रीवाल्यांचं म्हणणं, पाऊस सगळ्यांवर पडतो तर छत्रीही सगळ्यांवर हवी. भिंतीवरचा फोटो ज्या पक्षाचा, त्याच पक्षाच्या लोकांची नेमणूक वरच्या खुर्च्यांवर व्हायची आणि तिथून मनाचे आजार ठरायचे.

म्हणजे कसं? कार्बनबाईंच्या पेटाऱ्यात एक मुलगी होती. वडिलांनी ठरवलेलं शिक्षण सोडून, घर सोडून निघालेली. "मी बॅग भरलीय. पण दारापाशी पाय थरथरतात," एवढंच ती म्हणायची. शिडीवाले होते तेव्हा तिला 'असमायोजित', म्हणजे घराशी जुळवून न घेणारी, म्हणत, आणि शिकाऊंनी तिला गोडीगुलाबीने बॅग रिकामी करायला लावायची असे. छत्रीवाले आले आणि मुलगी एका रात्रीत 'धैर्यशील' झाली. आता शिकाऊंनी तिला जिन्यापर्यंत सोडायचं. मुलगी तीच, बॅग तीच, थरथर तीच. बाईंनी तर हुंदक्याची जागासुद्धा बदलली नव्हती.

"आजार कुठे होता मग?" घड्याळजीने विचारलं होतं.

"फोटोत," बाई म्हणाल्या होत्या, आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरधरून हसल्या होत्या. तेव्हा हसू येत होतं. कारण त्या स्वतः छत्रीवाल्या, आणि छत्री नुकतीच उघडली होती.

दादा मात्र शिडीवाला.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. दुसऱ्या गावात लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शिष्याशेजारी बसून बसून त्याची बोलण्याची तऱ्हाच तशी झालेली. वाक्य 'हे बघ'ने सुरू करायचा, 'काय?'वर आणून उभं करायचा, आणि मध्ये गिअर बदलल्यासारखा घसा खाकरायचा. "हे बघ, आधी आरशात बघावं, मग पुढे बघावं, खर्रर्र, मागचं विसरला तो ठोकला, काय?" घरात कोणी चहाचा कप घेऊन जरा भरभर चाललं तरी "ब्रेक! अगं, ब्रेक!" ओरडायचा. भरदार, पितळी आवाज. लहानपणी त्याची नक्कल त्याच्यासमोर केली की तो डोळे पुसेपर्यंत हसायचा आणि म्हणायचा, "ए कार्बन, परत कर."

मग आई गेली. सरकारी दवाखान्यात गेली. घरी परतल्यावर, अजून कोणी पायातलं काढलंही नव्हतं, तेव्हा दादा म्हणाला, "फुकटच्या दवाखान्याच्या रांगेने मारली आईला. घ्या, सगळ्यांना छत्री!" कार्बनबाई म्हणाल्या, "रांग होती कारण तुझ्या शिडीवाल्यांनी त्यांच्या राज्यात नर्सा कमी केल्या होत्या." मग दोघंही जे बोलले त्यात आईबद्दल एक अक्षर नव्हतं. सगळं पक्षांबद्दल होतं. रडायला जी ताकद लागते ती दोघांनी तिथेच खर्च केली. शेवटी दादा सोडायला घेतलेली बुटाची नाडी न बांधताच उतरला. जिन्यात ती नाडी पायरी-पायरीवर टिकटिक वाजत होती. "नाडी बांध, पडशील," हे बाईंच्या ओठांपर्यंत आलं होतं. बोलल्या त्या वेगळंच: "सुरुवात कोणी केली?"

त्यानंतर फोन नाही. याचा नाही, तिचाही नाही. निवडणूक आली, गेली, आणखी एक आली. भांडी घासताना, नळ बंद करून, त्या कधीकधी हळूच म्हणायच्या, "हे बघ." आवाज थेट त्याचाच. मग स्वयंपाकघरात दादा असायचा, एखादं वाक्य टिकेल एवढा वेळ.

"आला का?" घड्याळजी खिडकीशी बसल्या बसल्या विचारायचा.

"तुम्ही मध्ये बोलू नका."

"फोन कर ना मग."

"त्याने करायला नको? थोरला तो आहे."

घड्याळजी भिंगातून वर बघायचा. त्या भिंगातून त्याचा डोळा घुबडाच्या डोळ्याएवढा मोठा दिसायचा. "हे मात्र शिडीवाल्यासारखं बोललीस," असं म्हणून तो पुन्हा चिमटा उचलायचा.

अशात केंद्रात एक संशोधक आला. लांबट, नम्र, हातात कायम आखलेले कागद. बाईंनी त्याचं नाव मोजपट्टी ठेवलं, आणि त्यालाही ते आवडलं, यावरून मुलगा बरा असावा असं त्यांनी ठरवलं.

"मावशी," तो म्हणाला, "एक माणूस हवाय. एकच दुःख, एकच आवाज. पण निम्म्या शिकाऊंना तो सांगणार, मी शिडीवाला. निम्म्यांना सांगणार, मी छत्रीवाला. बाकी शब्दाचाही फरक नको. मला बघायचंय, आपण ऐकतो ते दुःख की चिन्ह."

"शिकाऊंना ठाऊक आहे?"

"आता त्यांना खरे फोनही देतोय, त्यांत खोटे मिसळणार, एवढं सांगितलंय. त्यांनी कबूल केलंय. कुठला खोटा ते सांगितलेलं नाही."

त्याने लिहून आणलेलं सोंग बाईंनी वाचलं. 'मला गेले काही दिवस निद्रानाशाचा त्रास होत असून मातृवियोगाच्या दुःखामुळे…'

"अरे, हा फोन करतोय की अर्ज?" बाई म्हणाल्या. "असा माणूस जन्माला यायचाय अजून. थांब."

त्यांनी डोळे मिटले. घसा खाकरला, खर्रर्र. मोजपट्टी दचकला, कारण समोरच्या साडीतून एक पुरुष बोलायला लागला.

"हे बघा, मला सवय नाही असल्या फोनांची. आई गेली माझी. झोप येत नाही. एक बहीण आहे. बोलत नाही. म्हणजे मीही बोलत नाही. मी पहिल्यापासून शिडीवाला माणूस, पडतं घ्यायची सवय नाही. नंबर पाठ आहे तिचा. फोन हातात घेतो, खर्रर्र, बोटंच चालत नाहीत. जगाला गाडी शिकवतो मी, आणि माझाच गिअर पडत नाही. काय?"

मोजपट्टीच्या हातातले कागद खाली आले. "मावशी, हा कुठून आणलात?"

"मिळाला," बाई म्हणाल्या.

मिळाला कसला, शिवला होता. आवाज दादाचा, झोप न येणं, पाठ असलेला नंबर आणि न चालणारी बोटं, हे सगळं बाईंच्या मनचं. दादा असं कधी म्हणाला नव्हता. तो म्हणावा असं त्यांना वाटत होतं. आता ते रोज म्हणायला मिळणार होतं, पगारी.

फोन सुरू झाले. आधी छत्रीवाला दादा. शिकाऊंची मनं लोण्यासारखी वितळली. विहिरीत दगड टाकणारा पोरगा म्हणाला, "काका, आई गेल्यावर घरातली सगळीच माणसं मुकी होतात. ताईंनाही तसंच होत असेल." दुचाकीवाला म्हणाला, "अहो, नंबर पाठ आहे म्हणता, मग लावा ना! हंहंहं, काय होईल फार तर, उचलणार नाहीत. उद्या परत लावा!" त्या दिवशी बाई मागचा जिना मुलीसारख्या उतरल्या. घरी भाजीत मीठही नीट पडलं.

मग शिडीवाला दादा. दुःख तेच, खाकरणं तेच, गिअर तोच. पण 'शिडीवाला' हा शब्द तारेतून पलीकडे गेला की पलीकडची खुर्ची किंचित मागे सरकायची. बाईंना ते ऐकू यायचं. खुर्चीला आवाज असतो.

"पडतं घ्यायची सवय नाही, म्हणालात. ही सवय कुठून आली असेल?"

"लहानपणी वडील कडक होते का?"

"मला असं ऐकू येतंय की तुम्हाला सत्ता गमावल्यासारखं वाटतंय."

"सत्ता?" दादा गोंधळून म्हणायचा. "माझी आई गेलीय हो."

"बरं. आणि तो राग तुम्ही बहिणीवर काढता का?"

कोणी वाईट बोललं नाही. सगळे गोड बोलले, हळू बोलले, आणि त्या गोडव्यातून दादाला सोलत राहिले. छत्रीवाल्या दादालाही पडतं घ्यायची सवय नव्हती, पण ती कोणाला टोचली नव्हती. फोन झाल्यावर शिकाऊंनी कार्डावर लिहायचं असे, या माणसाला काय झालंय. छत्रीवाल्याच्या कार्डांवर 'शोक' लिहिलं जायचं. शिडीवाल्याच्या कार्डांवर 'ताठरपणा'.

मोजपट्टी कार्डं रचत होता. बाईंना कार्डांचं काही नव्हतं. त्या एका वाक्याची वाट बघत होत्या. शिडीवाल्या दादाला एकाने तरी म्हणावं, तिला फोन करा. बस. रोज लाल दिवा लागायचा, रोज त्या दादाला घेऊन बसायच्या, आणि पलीकडचा आवाज वळणावर येतोय, येतोय असं वाटेपर्यंत वडिलांच्या कडकपणाकडे वळायचा. घरी घड्याळजी आता विचारतही नव्हता. बायको सांगत नाही म्हणजे आजही कोणी म्हटलं नाही, हे त्याला कळायचं.

मग घोगऱ्या मुलीची पाळी आली. तिने बराच वेळ नुसतं ऐकलं. वडील विचारले नाहीत, राग विचारला नाही. दादा बोलून थांबला. मुलगी म्हणाली, "काका, एक विचारू? बहिणीला कधी…"

बाई पुढे झुकल्या. कपाळ पुठ्ठ्याला टेकलं.

"…कधी असं वाटलं असेल का हो, की तुमच्या विचारांमुळे तिला गुदमरायला होतंय?"

"अगं बाई, त्याला फोन करायला सांग ना!"

हे दादा बोलला नव्हता. हे साडीतली बाई बोलली होती, स्वतःच्या बारीक, तिखट आवाजात. सगळ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मग घोगरी मुलगी घाईघाईने कुजबुजली, "काका, तिथे ताई आहेत का? त्या ऐकतायत का सगळं? तुम्ही सुरक्षित आहात ना?"

बाईंनी फोन ठेवला. मुलीने कार्डावर आधी लिहिलं, 'बहीण पाळत ठेवते.' मग ते खोडून लिहिलं, 'दोन आवाजांत बोलतो, तज्ज्ञांना दाखवावे.'

मोजपट्टी त्यांना मोठ्या मॅडमकडे घेऊन गेला. फोन वाया गेला, ते सांगायला हवंच होतं. पण त्याच्या काखेत कार्डांचे दोन गठ्ठेही होते. मॅडम केंद्राच्या प्रमुख. वाक्यावाक्याला 'बघा ना' म्हणायची सवय, आणि चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधायची.

"बघा ना," त्यांनी कार्डं चाळली. "हे सगळं एकाच माणसाबद्दल?"

"एकच माणूस, मॅडम. एका शब्दाचा फरक."

"शब्द वेगळा म्हणजे माणूस वेगळा. शिडीवाले ताठर असतात, हे तर आपल्याच पाहणीत आलंय."

"त्या पाहणीत प्रश्न होता, वडीलधाऱ्यांचं ऐकावं असं वाटतं का. हो म्हटलं की ताठर. आपण असं विचारलं असतं, की आपल्या सरकारचं ऐकावं असं वाटतं का, तर या इमारतीत कोण कोण ताठर ठरलं असतं?"

मॅडमनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "शिडीवाल्यांनी मला या खुर्चीवरून उठवलं होतं, माहीत आहे? मी लिहिलं होतं, घर सोडणारी मुलगी आजारी नसते. एवढ्यावरून. आता तू हे छापलंस की तेच लोक हे कागद घेऊन नाचतील. म्हणतील, बघा, यांचे मनाचे डॉक्टरसुद्धा पक्षाचे! केंद्राला कुलूप लावतील रे. निवडणूक होऊन जाऊ दे."

"निवडणूक तर इथे कायमच असते, मॅडम."

"उरलेले फोन तर पुरे कर आधी," मॅडम थकल्या आवाजात म्हणाल्या, आणि बाईंकडे वळल्या. "आणि तुम्ही? मध्येच कशा बोललात?"

"निघून गेलं तोंडातून."

"कोण आहे तो?"

"सोंग आहे, मॅडम."

"बघा ना, सोंगाला कोणी फोन करायला सांगावं म्हणून माणूस इतका कासावीस होतो का?"

बाई गप्प बसल्या. या गप्प बसण्यात कसब काहीच नव्हतं. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि वाट पाहिली. ते त्यांना चांगलं येत होतं.

"मॅडम," बाईंनी शेवटी विचारलं, "तो खरंच असेल, आणि खरंच इथे फोन करेल, तर तुम्ही त्याला काय सांगाल? शिकाऊ नाही, तुम्ही."

मॅडम कार्डांचे कोपरे जुळवत राहिल्या.

"आज?" त्या म्हणाल्या. "मी त्याला फोन करायला सांगेन, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही."

मागच्या जिन्याने उतरताना बाईंना कळून चुकलं. दादाला ते वाक्य कोणी सांगणार नव्हतं. इथलं कोणी नाही. शिडीवाल्यांचं असं केंद्र कुठे असेल, तर तिथलंही नाही; तिथे त्याला म्हणतील, शाब्बास, पडतं घेऊ नका.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी फोन जवळ ओढला. घड्याळजी उठला आणि काही न बोलता टिकटिकणारी घड्याळं एकेक करून आतल्या खोलीत नेऊन ठेवू लागला, म्हणजे हिला ऐकू येईल.

घंटा वाजली. उचलला.

"हॅलो."

चुकीचा नंबर लागला, बाईंना वाटलं. कोणीतरी म्हातारा. आवाज कसा, पत्र्यावर वाळू ओतावी तसा.

"दादा आहेत का? गाडी शिकवणारे?"

"मीच. जोरात बोला जरा."

त्यांनी फोन कानावरून काढून त्याच्याकडे पाहिलं, जणू चूक फोनचीच होती.

"मी बोलतेय."

"मी कोण? मी तर इकडेही आहे."

"कार्बन."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज. मग, "अगं, तू होय. मला वाटलं बँकवाली. रोज करते मेली, कर्ज घ्या म्हणून."

"बरा आहेस?"

"मला काय धाड भरलीय. गाडी बंद केली शिकवायची. डोळे."

"झोप लागते का तुला?"

"झोप? मेल्यासारखी लागते. का गं?"

"नाही, विचारलं आपलं."

"तू आजारी-बिजारी आहेस का?"

"नाही रे."

"मग फोन का केलास?"

इतके दिवस बाईंनी दादाचीच वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. सोंगात बहिणीला वाक्यच नव्हतं.

"असाच," त्या म्हणाल्या.

"हे बघ," तो म्हणाला, आणि तिथे कुठे तरी खोल तो पितळी दादा होता, पण गिअर पडला नाही. खाकरण्याची नुसती फुसकी घरघर झाली. "अजून छत्रीतच आहेस का?"

"आहे."

"मूर्ख आहेस."

"आहे. आणि तू?"

"शिडीवरच. उतरवणारा भेटला नाही अजून, काय?" तो हसला. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना. मागून वहिनीचा आवाज आला, "पाणी प्या आधी, कोण आहे?" तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. परत आला तेव्हा आवाज आणखी बारीक झाला होता. "ठेवतो. पानं वाढलीयत. तुझा नंबर हाच ना अजून?"

"हाच."

"मला वाटलं, बदलला असशील."

"लावून बघायचास."

"हं," दादा म्हणाला. हे 'हं' कुठल्याच शिकाऊचं नव्हतं. त्यात काय होतं, ते बाईंना ओळखता आलं नाही. त्यांच्या कानाला जमलं नाही असं पहिल्यांदाच झालं.

"काय म्हणाला?" घड्याळजीने विचारलं.

"मूर्ख म्हणाला," बाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत हसल्या. मग हसू उतरलं. "अहो, किती म्हातारा झालाय तो!"

दुसऱ्या दिवशी मोजपट्टी तयार होता. घोगऱ्या मुलीचा वाया गेलेला धरून शिडीवाल्या दादाचे थोडे फोन उरले होते, तेवढे झाले की अभ्यास पुरा. पुढे छापायचा की नाही, ते भांडण त्याने मॅडमशी चालूच ठेवलं होतं. "मावशी, आज वाहवायचं नाही हं," तो हसत म्हणाला. "एकदा आवाज बघू?"

बाईंनी डोळे मिटले. घसा खाकरला. "हे बघा, मला सवय नाही…"

"असा नाही, मावशी. घसा बसलाय का? पूर्वीचा काढा. भरदार."

बाईंनी पुन्हा काढला. पत्र्यावर वाळू. त्यांनी "ब्रेक! अगं, ब्रेक!" आठवून पाहिलं. "ए कार्बन, परत कर" आठवून पाहिलं. शब्द आले, पण सगळे त्या म्हाताऱ्याच्या तोंडून आले. भांडी घासताना, नळ बंद केल्यावर येणारा तो दादा कुठे शोधावा ते कळेना.

"तो गेला रे," त्या म्हणाल्या.

मोजपट्टीचा चेहरा पडला. "कोण? म्हणजे… मावशी, कोणी वारलं का?"

"नाही. फोन केला मी त्याला."

तो पुढे काही विचारणार तोच लाल दिवा लागला. पलीकडून घोगरी मुलगी होती. "नमस्कार. बोला, मी ऐकतेय."

मोजपट्टी हातांनी खुणा करत होता, नको, ठेवा, हा अभ्यासात धरता येणार नाही, आवाज वेगळा आहे. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या फोनच्या अगदी जवळ गेल्या, आणि त्या नव्या, झिजलेल्या आवाजात म्हणाल्या,

"हे बघा, काही नाही. माझ्या बहिणीचा फोन आला होता. कोणाला तरी सांगावंसं वाटलं."

"अरे वा!" मुलगी म्हणाली. दादाने या वेळी शिडीचं नाव काढलं नव्हतं, आणि विचारायचं तीही विसरून गेली. "मग? काय बोललात काका?"

"नीट काही बोलता आलं नाही," दादा म्हणाला. "पानं वाढली होती."